शमीमच्या राहिलेल्या सह्या

सहा आठवडे होऊन गेले या गोष्टीला. त्या सकाळी माझ्या कळमनुरीच्या दवाखान्यात पहिलाच पेशंट म्हणजे डोंगरकड्याकडची एक बाई होती, कडेवर तापाने फणफणलेलं लेकरू. डोंगरकड्याकडची बाई माझ्याकडे येणं हे नवलच, कारण एरवी कळमनुरीच्या बाया माझ्या दारावरून तिकडे जायच्या. लेकराच्या काखेत थर्मामीटर लावत मी सहज विचारलं, आज इकडे कशी काय? ती म्हणाली, "आपाचा दवाखाना बंद हाय मनून आले, मॅडम." मी म्हटलं, "काहून बंद?" ती म्हणाली, "आपा गेल्या न्हवं का पहाटं. छातीत कळ आली मनतेत." ... खरं लिहायचं ठरवूनच बसले आहे, म्हणून लिहिते. तिची ती दोन उत्तरं ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने मला लागली. आधी हे लागलं की ही बाई नाइलाजाने आली आहे. मग कळलं की शमीम गेली. लेकराला तपासून औषध दिलं, बाईला पाणी कसं उकळायचं ते सांगितलं, ती गेल्यावर आतल्या खोलीत जाऊन तपासायच्या कॉटवर बसले आणि मग रडले. रडू खरं होतं. पण ते दुसरं आलं, हेही खरं.

डॉ. शमीम माझी मैत्रीण. मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षापासून आम्ही एका खोलीत राहिलो. ती जवळा बाजारच्या एका कापूस व्यापाऱ्याची मुलगी, मी हिंगोलीच्या मास्तरांची. लेखी परीक्षेत मला तिच्यापेक्षा नेहमी जास्त मार्क पडायचे आणि ते मी न चुकता मोजायची. तिला माझे मार्क कधी आठवायचे नाहीत, याचाच मला राग यायचा. माणूस हरला तर निदान त्याला कळावं तरी. वॉर्डात मात्र गणित उलटं व्हायचं. मी लक्षणांची यादी डोक्यात घेऊन पेशंटसमोर उभी राहायची आणि ती कॉटच्या कडेला टेकून विचारायची, "काय तकलीफ हाय, मावशी?" मावशी बोलू लागायची. सुनेचं सांगायची, शेळीचं सांगायची, बोलता बोलता आजाराचंही सांगून टाकायची. सरांनी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं की या मुलीला निदान करावं लागत नाही, पेशंटच तिला निदान सांगतो. सर हसत होते. मी पण हसले, आणि त्या दिवशी मेसमध्ये जेवले नाही.

पुढे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी बाँडची नोकरी करायला ती डोंगरकड्याच्या बाजूला आली, तिथलेच केळीचे व्यापारी इकबालभाई यांच्याशी तिचं लग्न झालं आणि तिने गावातच दवाखाना टाकला. मी लग्न होऊन कळमनुरीला आले आणि नांदेड रस्त्यावर माझी पाटी लागली. एकाच रस्त्यावर आम्ही दोघी, मधे वीसेक किलोमीटर. मला वाटलं होतं, तालुक्याचं गाव आहे, आठवडी बाजार आहे, गर्दी माझ्याकडे असणार. तशी माझ्याकडे गर्दी होती, नाही असं नाही. पण माझ्या खिडकीतून रस्ता दिसतो, आणि मंगळवारी-शुक्रवारी बायांनी गच्च भरलेले ऑटो डोंगरकड्याकडे जाताना दिसायचे. त्यात ओळखीचे चेहरे असायचे. माझ्या चिठ्ठ्या पर्समध्ये ठेवून त्या तिच्याकडे जायच्या. तिला सगळा मुलूख आपा म्हणायचा. मराठ्याच्या म्हाताऱ्या, बौद्धवाड्यातल्या पोरी, इनामदारांच्या सुना, सगळ्यांची ती आपा. मी वीस-पंचवीस वर्षांत मॅडमची कोणाची ताई झाले नाही. यावर माझे यजमान म्हणायचे की तू पेशंटशी बोलताना घड्याळाकडे बघतेस. ते स्वतः शाळेत तास घेताना घड्याळाकडे बघतात, हे मी त्यांना ऐकवायची, पण त्यांचं म्हणणं मनात घर करून राहायचं.

कळस केला माझ्या सासूबाईंनी. त्यांचे गुडघे धरले होते. घरात डॉक्टर सून, गोळ्या हातात आणून देणारी, आणि या बाई एक दिवस पुतण्याच्या मोटरसायकलवर मागे बसून शमीमकडे जाऊन आल्या. मला ते कळलं ते औषधाच्या पाकिटावरच्या तिच्या अक्षरावरून. औषध तेच होतं जे मी दिलं होतं. मी विचारलं, "आई, काय कमी पडलं माझ्याकडं?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "कमी न्हाई पडलं. तू लिहून देतीस, सुनंदा. ती इचारती." एवढं बोलून त्या शेंगा निवडायला बसल्या. 

आता जे सांगायचं आहे त्यासाठी आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. लोकांना वाटतं डॉक्टर एकदा झाला की झाला. तसं नसतं. राज्याच्या कौन्सिलकडे आमची नोंदणी असते आणि दर पाच वर्षांनी ती नव्याने करून घ्यावी लागते. त्यासाठी पाच वर्षांत तीस क्रेडिट पॉइंट जमवायचे. हे पॉइंट मिळतात ते डॉक्टरांसाठी भरणाऱ्या अभ्यासाच्या कार्यक्रमांना हजर राहून. नांदेड, परभणी, लातूर इथे रविवारी हॉटेलात किंवा सभागृहात असे कार्यक्रम होतात. दाराशी टेबल, टेबलावर रजिस्टर. आपला नोंदणी क्रमांक लिहून सकाळी सही करायची, एक पिशवी, एक पेन घ्यायचं आणि संध्याकाळी निघताना पुन्हा सही करायची. दोन्ही सह्या असतील तरच पॉइंट. मधल्या वेळात तुम्ही भाषण ऐकलंत, डुलकी काढलीत की बाजारात जाऊन साडी घेतलीत, हे रजिस्टर विचारत नाही. खोटं कशाला बोलू, नांदेडच्या अशा रविवारांत मी पुष्कळ साड्या घेतल्या आहेत. माझी फाईल मात्र चोख. प्रत्येक सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या कव्हरात, तारखेवार.

शमीमचं सगळं उफराटं. ती बसमधून उतरायची ती थेट सभागृहात, पहिल्या रांगेत. टेबलापाशी रांग असली की "मग करू गं" म्हणून आत सटकायची. दोनशे पानी वही काढून भाषण उतरवून घ्यायची, मोठ्या मोठ्या डॉक्टरांना प्रश्न विचारायची, आणि साडेतीन-चार वाजले की संध्याकाळच्या पेशंटसाठी एसटी गाठायला पळायची. सही तिच्या डोक्यातच यायची नाही. हा पॉइंटांचा नियम आल्यावर पहिल्या दोन नूतनीकरणांना तिचे पॉइंट भरले ते माझ्यामुळे. मी तिला दंडाला धरून टेबलापाशी न्यायची आणि म्हणायची, "आधी सही कर, बाई." ती हसत क्रमांक लिहायची. टेबलावरचे लोकही आम्हाला ओळखायचे. निघताना ती दिसली नाही की मला विचारायचे, तुमच्या मैत्रीण राहिल्या का? मग मी जिन्यात धावत जाऊन तिला परत आणायची.

सासूबाईंच्या त्या उत्तरानंतर दोनच आठवड्यांनी नांदेडला कार्यक्रम होता. गरोदर बायांच्या रक्तक्षयावर पुण्याचे एक नामांकित डॉक्टर बोलत होते. शमीमने उठून विचारलं की लोहाच्या गोळ्या बाया घरी नेतात पण खात नाहीत, कारण त्याने लेकरू काळं होतं असं सासवा सांगतात, तर त्यावर तुम्ही काय करता. सभागृहात हशा पिकला. पुण्याचे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिला उलट विचारलं, तुम्ही काय करता? ती म्हणाली, मी सासूलाच बोलावते आणि गोळी तिच्या हातात देते, सुनेला तूच खाऊ घाल म्हणते. त्या माणसाने व्यासपीठावरून ते लिहून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत तो तिला शोधत आमच्या टेबलाशी आला आणि अर्धा तास बोलत उभा राहिला. मी तिथेच बसले होते, गुलाबजाम खात. त्याने मला विचारलं, तुम्ही यांच्या असिस्टंट का?

त्या संध्याकाळी मी टेबलापाशी सही करत होते. शमीम नुकतीच बससाठी निघून गेली होती. सकाळचीही तिची सही नव्हती, मला माहीत होतं, पण ओळखीवर दोन्ही सह्या तेव्हाही करू दिल्या असत्या. रजिस्टर मिटता मिटता तिथल्या माणसाने नेहमीसारखं विचारलं, "मॅडम, आणखी कोणी राहिलंय का?" बसस्टँड पाच मिनिटांवर होतं, फोन माझ्या हातात होता. मी म्हटलं, "नाही, कोणी नाही."

त्यानंतर दोन वर्षं मी तिला सहीची आठवण करून दिली नाही. कार्यक्रमांना आम्ही बरोबर जायचो, बसमध्ये तिच्या डब्यातला खिमा आणि माझी धपाटी खायचो, आणि मी एकटी सही करायची. मनाची समजूत घालायला काय लागतं? ती काय कुकुलं बाळ आहे, तिची ती करील. नियम सगळ्यांना सारखा आहे. मला कोणी धरून नेतं का? अशी वाक्यं मला भराभर सुचायची.

मुदत संपायला महिनाभर राहिला तेव्हा तिचा फोन आला. "सुनंदा, माझे पॉइंट भरून राहिले न्हाईत गं. बारा कमी पडालेत. आपण तर बराबरच जात होतो, काहून असं?" मी म्हटलं, सह्या राहिल्या असतील. ती म्हणाली, "पन मी होते की तिथं. वह्या हायेत माझ्याकडं." दुसऱ्या दिवशी ती तिच्या सगळ्या वह्या कापडी पिशवीत घालून नांदेडला कार्यक्रम भरवणाऱ्या संस्थेच्या त्याच रजिस्टरवाल्या माणसाकडे गेली. त्याने वह्या चाळल्या, आणि म्हणाला की वह्या खऱ्या आहेत, मॅडम, पण रजिस्टरात तुमचं नाव नाही. एवढ्या घाईत नवे कार्यक्रम मिळाले नाहीत आणि तारीख निघून गेली.

मी तिला सांगितलं, चालू ठेव, डोंगरकड्याला कोण येतंय बघायला. हे मी मनापासून सांगितलं, कारण मला स्वतःचीच भीती वाटायला लागली होती. असं चालू ठेवणारे चार जण मला माहीत होते. शमीम म्हणाली, "न्हाई. नोंदणी न्हाई तर मी डॉक्टर न्हाई." ज्या दिवशी मुदत संपली त्या दिवशी तिने शटर ओढलं आणि वर खडूने लिहिलेला एक फळा टांगला. मी तो पाहायला गेले नव्हते, माझ्याकडे आलेल्या पहिल्याच बाईने मला तो तोंडपाठ म्हणून दाखवला. माझं रजिस्ट्रेशन संपलं आहे, ते परत होईपर्यंत मी पेशंट तपासू शकत नाही. कळमनुरीला डॉ. सुनंदा मॅडमकडे जावे, त्या चांगल्या आहेत.

अडीच महिने माझ्या दवाखान्यापुढे चपलांचा खच पडला. आयुष्यभर हेच तर हवं होतं. ऑटो आता उलट्या दिशेने येत होते आणि माझ्या दाराशी थांबत होते. पहिला आठवडा मी हवेत होते. मग बाया बोलायला लागल्या. "आपा पोट दाबून बघत्यात, मॅडम." "आपानं मागच्या टायमाला ह्याच गोळीनं चक्कर येती मनून बदलून दिल्ती." "आपा कवा बसनार?" रोज साठ-सत्तर जणी, आणि जाताना प्रत्येकीच्या तोंडी तेच. तिच्या बंद दवाखान्यातही ती माझ्यापेक्षा जास्त बसत होती. मी भराभर तपासायला लागले. लवकर आटपलं की ते नाव कमी ऐकावं लागेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

एका दुपारी शमीम स्वतः आली. आत नाही आली, बाहेर बाकावर बायांमध्ये नंबर लावून बसली होती. एका पोरीला घेऊन आली होती, पोरगी आठव्या महिन्यातली, बरोबर घरचं कोणी नाही. नंबर आल्यावर दोघी आत आल्या. मी म्हटलं, अगं शमीम, सरळ आत यायचं की. ती म्हणाली, "तिच्या संगं आले, मॅडम. तिची मावशी समजा." मला वाटलं चेष्टा करते आहे. पण ती पेशंटच्या बाजूच्या स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवून. पोरगी म्हणाली की दोन दिवस डोकं दुखतंय. बाहेर बत्तीस जणी होत्या, ऊन मरणाचं होतं. मी ऊन लागलंय म्हटलं आणि गोळी लिहायला घेतली.  पोरगी शमीमकडे बघायला लागली. मग शमीम हळूच म्हणाली, "मॅडम, तिला चपला काढायला सांगता का?"

मी वाकून पाहिलं. चपलेच्या पट्ट्याचे वळ पायात रुतून बसले होते, सुजेवर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. मग ब्लडप्रेशर घेतलं. आठव्या महिन्यातल्या बाईचं ते सगळ्यात आधी घ्यायचं असतं, हे मी शिकलेली बाई. आकडा आई आणि लेकरू दोघांच्या जिवावर बेतेल इतका वर होता. ॲम्ब्युलन्स बोलावून पोरीला नांदेडला पाठवलं, शमीम तिच्याबरोबर बसून गेली. पोरगी वाचली, लेकरूही वाचलं. जाताना मी शमीमला म्हटलं, तू आल्या आल्या सांगायचं होतंस ना. ती म्हणाली, "मला काय अधिकार हाय आता सांगायचा? नातेवाईक जेवढं बोलतो तेवढं बोलले." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला, सापडला नाही.

लातूरच्या कार्यक्रमाला तिचे पॉइंट पुरे झाले. त्या वेळी मी तिच्याबरोबर गेले होते. मी काही म्हणायच्या आधीच ती टेबलाकडे वळली, सही केली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ, शिकले का न्हाई?" तिचा दवाखाना उघडला, ऑटो पुन्हा माझ्या दारावरून जायला लागले. त्याला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत तिला सगळं सांगून टाकायचं मी कितीदा ठरवलं. तिच्या मुलीच्या लग्नात ठरवलं, तिच्या घरी ईदच्या शीरखुर्म्यावर ठरवलं. तिने वाटी पुढे केली की मी चमचा उचलायची. तिने मला माफ केलं असतं, हे मला माहीत होतं. मला तेही तिच्याकडून घ्यायचं नव्हतं.

ती गेल्यावर चौथ्या आठवड्यात इकबालभाई माझ्याकडे आले. हातात शमीमच्या दवाखान्याची किल्ली. म्हणाले, "बाया अजून येऊन राहिल्यात, मॅडम. दाराशी बसतेत आन् जातेत. हप्त्यातून एक दिवस तुमी बसाल का तिथं?" ज्या खुर्चीचा मी आयुष्यभर हेवा केला ती मला कोणीतरी हात जोडून देत होतं. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी म्हटलं, इकबालभाई, किल्ली द्यायच्या आधी एक ऐका. नांदेडचं सगळं सांगितलं. रजिस्टर, तो माणूस, माझं "कोणी नाही", नंतरची दोन वर्षं. ते मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "तिला मालूम होतं."

मी विचारलं, कोणी सांगितलं? ते म्हणाले, "वह्या घेऊन गेली न्हाई का नांदेडला, तवाच त्या मानसानं सांगितलं. तुमच्या मैत्रिनीला इचारलं होतं मनला, त्या नाही मनल्या. घरी येऊन रडली. लई रडली. मग तारीख संपली तवा फळ्यावर तुमचं नाव लिवाया बसली. मी मनलं, येडी हायेस का, तिच्याकडं काहून पाठवतीस? तर मनली, चाळीस गावात बाईमानूस डॉक्टर आमी दोघीच. आन् तिचं रजिस्ट्रेशन चालू हाय."

म्हणजे त्या स्टुलावर बसून मला मॅडम म्हणताना तिला माहीत होतं. लातूरला "शिकले का न्हाई" म्हणतानाही. शीरखुर्म्याची वाटी पुढे करतानाही... इकबालभाई किल्ली टेबलावर ठेवून गेले. मला हलकं वाटायला हवं होतं, नाही का? वाटलं ते एवढंच, की यातही ती पुढे गेली, आणि आता गाठायची सोय राहिली नाही.

आता मंगळवारी मी डोंगरकड्याला बसते. डॉक्टर जिथे बसतो तिथे त्याचं नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं पाहिजे, असा नियम आहे, आणि नियमात मी पक्की. म्हणून पहिल्या दिवशी माझ्या प्रमाणपत्राची प्रत फ्रेम करून नेली. शमीमचं काढायला इकबालभाईंनी नको म्हटलं, मलाही काढवेना, तेव्हा त्याच्या शेजारी खिळा ठोकून माझं लावलं. लावून मागे सरकले आणि दोन्हीवरच्या तारखा वाचल्या. आमची दोघींची नोंदणी एकाच दिवशी झालेली; तिचं नूतनीकरण अडीच महिने उशिरा झालं, म्हणून तिची मुदतही माझ्यापेक्षा अडीच महिने पुढे आहे. डॉक्टर वारला की कौन्सिलला कळवून नाव कमी करून घ्यायचं असतं. कागदपत्रांचं काम तुम्हालाच जमतं म्हणून तेही इकबालभाईंनी माझ्यावरच सोपवलं. अर्ज भरून तयार आहे, माझ्या पर्समध्ये आहे. दर मंगळवारी मी पोस्टावरून जाते. तिचं नाव मी एकदा गाळलेलं आहे, दुसऱ्यांदा माझा हात होत नाही.